शेवटपर्यंत बघणारा एक

कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना नात्यानं हाक मारायची, असा लेखी नियम होता. आपण एक कुटुंब आहोत हे माणसांच्या आपोआप लक्षात येत नाही, म्हणून ते नेमणुकीच्या पत्रातच घातलेलं होतं. त्यामुळे प्रमुख बाई सगळ्यांच्या ताई होत्या, आणि त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठा असलेला संकलकसुद्धा त्यांना ताईच म्हणायचा. त्या त्याला दादा म्हणायच्या. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की कुणाला कामावरून काढताना कटुता येत नसे. मागच्या महिन्यात एका गृहस्थांना "काका, उद्यापासून तुम्ही आराम करा" असं सांगण्यात आलं, तेव्हा ते ताईंचे आभार मानून बाहेर पडले आणि जिना उतरता उतरता मधेच थांबले.

या महिन्यात पाळी लांब विभागाची होती.

तीन मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ करणारा तो लांब विभाग. एके काळी त्याच्याकडे अख्खा मजला होता. आता जिन्याखालची एक खोली उरली होती. तीत संकलक बसायचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या मावशी बसायच्या. मावशींच्या कानांवर कायम हेडफोन असत. ते काढून त्या बोलल्या, तर काहीतरी गंभीर घडलंय असं समजायचं. दोघं मिळून एक मालिका करत. तीत एक म्हातारा कारागीर वेताच्या खुर्च्या विणायचा. एका भागात एक खुर्ची, चाळीस मिनिटं. कारागीर बोलायचा नाही. वेत तुटला तर 'हं' म्हणायचा, आणि तो 'हं' नीट पकडता यावा म्हणून मावशींनी वेगळा माईक लावला होता. असे दोनशे बारा भाग झाले होते.

वरच्या मजल्यांवर भविष्यकाळ चालू होता.

भविष्यकाळात माणूस व्हिडिओकडे बघतो त्याहून जास्त व्हिडिओ माणसाकडे बघतो. पडद्यावरचा कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्यांवर पाळत ठेवून असतो. नजर जरा ढळली की गोष्टीत कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारतं, आणि तरी ती परत आली नाही तर घर पेटतं. प्रत्येकाला त्याच्या नजरेच्या मापानं कापलेला वेगळा व्हिडिओ दिसतो. संकलकाच्या घरी एकदा तिघांनी एकच कथा बघितली आणि जेवताना तिच्याबद्दल बोलायचं ठरवलं. बायकोच्या कथेत नायक शेवटी सुखरूप घरी आला होता. संकलकाच्या कथेत तो मेला होता. मुलीच्या कथेत नायक नव्हताच. पहिल्या चार सेकंदांत तिनं जांभई दिली म्हणून त्याला काढून टाकण्यात आलं होतं. पुढे तर मुलीनं बघणंच सोडलं. तिनं यंत्रातला एक मदतनीस ठेवला. तो तिच्या वतीनं दिवसभर व्हिडिओ बघायचा आणि संध्याकाळी दोन ओळींत सांगायचा, की आज तिला काय काय आवडलं.

या धांदलीत व्हिडिओच्या शेवटाला कुणी पोचतच नसे. म्हणून शेवटी काम करणाऱ्यांची नावं द्यायची जुनी पद्धत कंपनीनं बंद केली. लांब विभागात ती अजून चालू होती, कारण बंद करा म्हणून सांगायला खाली कुणी आलंच नव्हतं. खुर्ची पुरी व्हायची, कारागीर तिच्यावर बसून बघायचा, आणि मग काळ्या पडद्यावर एकापाठोपाठ एक तीन नावं यायची. कारागिराचं, मावशींचं आणि सगळ्यांत शेवटी संकलकाचं.

विभाग महिनाअखेर बंद होणार, हे ताईंनी त्याला स्वतः बोलावून सांगितलं. संकलक बावन्न वर्षांचा होता आणि त्याला एकच काम येत होतं: काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवण्याचं. वरच्या मजल्यांवर ते काम आता प्रेक्षकांची नजर परस्पर करत असे. तेव्हा विभाग गेला की तोही गेला, यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

"दादा, तुमच्यासाठी आपण निरोपाचा सुंदर व्हिडिओ करू," ताई म्हणाल्या. "सहा सेकंदांचा."

महिना संपायला आठ दिवस उरले असताना भाऊ खाली आला. भाऊ म्हणजे कंपनीचा आकडेवाला. तो सहसा खाली उतरत नसे, कारण खाली आकडेच नव्हते. विभाग बंद करण्याआधी त्याचे प्रेक्षक दुसरीकडे वळवावे लागतात, म्हणून त्यानं गेल्या सहा महिन्यांची यादी काढली होती. यादीत एकशे नऊ जण निघाले. त्यांतले एकशे आठ चुकून आलेले होते आणि चूक कळताच परत गेलेले. उरलेल्या एकानं दोनशे बाराच्या दोनशे बारा भाग बघितले होते. रोज तीन. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या नावापर्यंत, साध्या वेगानं, एकदाही पुढे न ढकलता. आता त्याची दुसरी फेरी चालू होती.

संकलक म्हणाला, की लोक लावून झोपतात.

"झोपलेला नाही. डोळे टक्क उघडे आहेत." भाऊनं कागदावरची रेघ दाखवली. ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. "आपला सरासरी प्रेक्षक चार सेकंदांत खिडकीकडे बघतो, दादा. या माणसाची नजर पहिल्या फेरीत एकशे एकेचाळीस तासांत एकदाही हललेली नाही."

मावशींनी हेडफोन काढला.

"पापण्या मिटतो का?"

"पापण्या आपण मोजत नाही," भाऊ म्हणाला.

ते खरं होतं. मागच्या वर्षापर्यंत मोजत असत, आणि खोटे प्रेक्षक त्यावरूनच पकडत. पण माणसानं पापणी मिटली की तेवढ्या क्षणापुरतं त्याचं लक्ष शून्य धरलं जायचं, आणि कंपनीचा मुळातच तोळामासा असलेला लक्षाचा टक्का त्यापायी आणखी खाली यायचा. ताईंना ते खपेना. त्यांनी पापण्या मोजणं बंद करायला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रेक्षकांचं लक्ष सुधारलं. त्याबद्दल सगळ्या कुटुंबाला शाबासकीचं पत्रही आलं होतं.

मावशी "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन परत चढवला.

तासाभरात ताईंनी सभा भरवली. या प्रेक्षकाला 'आदर्श प्रेक्षक' असं नाव देण्यात आलं, आणि तो बघतोय तोवर लांब विभागाला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या ताई कसल्या? कंपनीचे सगळे व्हिडिओ ज्या यंत्रावर कापले जात, त्या यंत्राला त्यांनी आदर्श प्रेक्षकाच्या हवाली केलं. याला काय आवडतं ते शोध आणि तसंच सगळ्यांना दाखव, म्हणाल्या. यंत्रानं पुष्कळ शोधलं. या माणसाची नजर कशानंच ढळत नव्हती आणि कशानंच ओढली जात नव्हती, तेव्हा त्याला कशाचीच गरज नाही, असा निष्कर्ष यंत्रानं काढला. दोन दिवसांत वरच्या मजल्यांवरच्या गोष्टींमधलं थोबाडीत मारणं बंद झालं. चार दिवसांत घरं पेटायची थांबली. आठवडा उलटला तेव्हा कंपनीच्या सर्वांत लोकप्रिय मालिकेतली नवरा-बायको एका टेबलाशी बसून होती आणि सलग नऊ भाग कुणीही उठलं नव्हतं. प्रेक्षकांच्या नजरा ढळण्याचं प्रमाण घटलं, कारण ढळायचं कशापासून हेच कळायला मार्ग नव्हता. वरच्या मजल्यावर एकटक बघण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. सकाळी दहा ते अकरा सगळे भिंतीकडे बघत बसत आणि अकरा वाजता डोळ्यांत घालायचे थेंब वाटले जात.

संकलकाला यातलं काहीच खुपत नव्हतं. त्याला निराळंच एक समजलं होतं.

सभेत भाऊनं ओझरतं सांगितलं होतं, की प्रेक्षक कोण हे बघायची नियमानं परवानगी नाही. दिसतंय ते एवढंच, की टॅब जुना आहे, कॅमेऱ्यावर डावीकडून आडवा तडा गेलाय, रोज चारला सुरू होतो, सहाला बंद होतो, रविवारी सुट्टी. तो तडा संकलकाच्या ओळखीचा होता. आईचा टॅब तिला सुरू करून देताना त्याच्याच हातून तो टेबलावरून पडला होता. आईनं तेव्हा म्हटलं होतं, राहू दे, मला कुठे त्यात तोंड बघायचंय.

आई. एकशे एकेचाळीस तास.

त्यानं फोन केला आणि आडूनआडून विचारलं, माझे व्हिडिओ बघतेस का ग?

"चालू असतात की रोज," आई म्हणाली, आणि पत्त्यांना उशीर होतोय म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या चार शब्दांवर संकलकाचे पुढचे दहा दिवस गेले. तीस वर्षं तो कुणासाठी कापतोय हे त्याला कधी कळलं नव्हतं, ते आता कळलं. कारागीर चष्मा पुसायचा तेवढा तुकडा तो आधी काढून टाकायचा; तो त्यानं ठेवला, कारण आईसुद्धा तसाच पदरानं चष्मा पुसते. वेत भिजत पडलाय ते दृश्य त्यानं दीड मिनिटानं वाढवलं. मावशींनी एकदा हेडफोन काढून विचारलं, "कोण आहे?" तो म्हणाला, कुणी नाही. मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

मग ताईंनी ठरवलं, की आदर्श प्रेक्षकाचा घरी जाऊन सत्कार करायचा. पत्ता बघायला नियमाची आडकाठी होती, म्हणून नियम बदलावा लागला आणि त्यात एक दुपार मोडली. पत्त्याबरोबर आडनाव आलं. भाऊला घाम फुटला, पण ताईंना उलट भरून आलं.

"दादा, या तर तुमच्या आई. म्हणजे आपल्याच कुटुंबातल्या," त्या म्हणाल्या. "गुरुवारी चार वाजता येतो आम्ही. त्यांच्या बघण्याच्या वेळेलाच."

बुधवारी संकलक अर्ध्या दिवसाची रजा काढून आईकडे गेला. तिला आधी कल्पना द्यावी, एवढाच हेतू. शिवाय, कबूल करायचं झालं तर, तिला बघताना एकदा बघावं असंही मनात होतं. पोचायला सव्वाचार झाले. बेल वाजवली, दार उघडेना. आतून वेत ओढल्याचा आवाज येत होता; तो आवाज मावशींनी घेतलेला होता, त्यात चूक व्हायची नाही. त्यानं आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर औषधांच्या डब्याला टेकून टॅब उभा होता आणि त्यात कारागीर खुर्चीची पाठ विणत होता. समोर बाबांची आरामखुर्ची. खुर्चीत उशी, आणि उशीला टेकून बाबांचा फोटो.

बाबांनी आयुष्यभर विजेचे मीटर वाचण्याची नोकरी केली. लोकांच्या जिन्याखाली जाऊन, जाळ्या झटकून, ते मीटरच्या आकड्याकडे बघायचे आणि वहीत उतरवायचे. फोटो त्यांच्या नोकरीतल्या ओळखपत्रावरून मोठा केलेला होता. त्यामुळे त्यात ते हसत नव्हते, रागावलेले नव्हते. समोर जे आहे ते नीट बघून घेत होते. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

संकलक टेकायला जागा शोधू लागला, तर खोलीतली एकुलती धड खुर्ची अडलेली होती. तो पलंगाच्या कडेवर बसला. भाग संपला, नावं आली, पुढचा भाग सुरू झाला. बाबा टॅबकडे बघत होते आणि तो बाबांकडे.

सहाला आई आली. शेजारच्या तिघींबरोबर रमीत जिंकलेली असावी, कारण चपला काढतानाच गुणगुणत होती.

"अरे, केव्हा आलास? चहा तरी टाकायचास."

"आई, हे काय आहे?"

"काय म्हणजे? ह्यांची वेळ असते ना ही."

मग चहा टाकता टाकता तिनं सांगितलं. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज चारला त्याचे व्हिडिओ लावून बसायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं. खुर्च्यांचं त्यांना काही कौतुक नव्हतं. शेवटी त्याचं नाव यायचं, त्याच्यासाठी बसायचे. नाव आलं की म्हणायचे, आलं बघ. आणि मग पाणी प्यायला उठायचे. मधेच पुढे ढकलून नाव बघता येतं, असं तिनं एकदा सुचवलं, तर म्हणाले, छे, तसं नको. त्यानं काम केलंय तेवढं बघून मग बघायचं.

"पाच महिने झाले, चारला मी पत्त्यांना जाते," आई म्हणाली. "हे एकटे बसून काय करतील? म्हणून लावून जाते."

"आणि तू? तू कधी बघतेस?"

"मला नाही रे जमत. एकदा बसले होते. त्या माणसाचा वेत तुटला आणि माझं दूध उतू गेलं."

संकलकानं चहा संपवला. दहा दिवस ज्या माणसासाठी त्यानं वेत दीड मिनिट जास्त भिजवला होता, ती व्यक्ती समोर कप विसळत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. पण वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. उद्या चारला ताई येणार होत्या. खरं कळलं की आदर्श प्रेक्षक गेला, आदर्श प्रेक्षक गेला की विभाग गेला. त्यानं आईला सगळं सांगितलं आणि म्हणाला, की तू फक्त उद्या तेवढं बस. खुर्चीत बसायचं आणि बघायचं.

आई आधी नाही म्हणाली, मग त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणाली. रंगीत तालीम म्हणून त्यानं एक भाग लावला. तिसऱ्या मिनिटाला तिनं विचारलं, या माणसाला घरी कुणी नाही का. पाचव्या मिनिटाला टॅबच्या मागची धूळ तिच्या नजरेत आली. सहाव्या मिनिटाला तिचा डोळा लागला. संकलकानं बाबांचा फोटो उचलला, आतल्या कपाटात ठेवला आणि दार लोटून घेतलं. लोटताना त्याला उगीचच 'जरा वेळच' असं म्हणावंसं वाटलं.

गुरुवारी ठीक चारला ताई आणि भाऊ आले. ताईंच्या हातात फुलं होती, भाऊच्या हातात यंत्र. यंत्रावर आदर्श प्रेक्षकाची रेघ जागच्या जागी उमटणार होती. ताईंनी नियमाप्रमाणे आईला 'आजी' म्हटलं. आईनं विचारलं, तुझं वय काय ग? ताई हसल्या आणि आपण फक्त बघायला आलो आहोत, आम्ही नाहीच असं समजा, म्हणाल्या. आई आरामखुर्चीत बसली. कारागिरानं वेत हातात घेतला. रेघ सुरू झाली.

तिला रेघ म्हणणं कठीण होतं. आईनं कारागिराकडे पाहिलं, मग ताईंच्या चपलांकडे, मग भाऊ किती वाळलाय तिकडे, मग फुलं कशात ठेवायची म्हणून कपाटाकडे, मग मुलाकडे. मुलानं डोळ्यांनी टॅबकडे खूण केली, तेव्हा तिनं ती खूण बघितली. यंत्रावर कुणीतरी दोऱ्याचा गुंडा टाकल्यासारखं दिसत होतं. भाऊनं यंत्र हलवून पाहिलं, पुसून पाहिलं, मग ताईंना दिसू नये असं तिरपं धरलं. नवव्या मिनिटाला आई ताईंना म्हणाली, की तू काही खाऊन आली आहेस का, चेहरा उतरलाय.

"आजी," ताई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही रोज असंच बघता?"

आईनं मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, आणि निदान त्याची नजर तरी हलत नव्हती.

"मी नाही ग बघत," आई म्हणाली. "मला कंटाळा येतो. हे बघतात."

ती उठली, आत गेली आणि फोटो घेऊन आली. पदरानं काच पुसून तिनं तो उशीला नीट टेकवला, फोटोतल्या चष्म्यावर उजेड पडत होता म्हणून जरा तिरका केला, आणि बाजूला झाली. यंत्रावरचा गुंता थांबला. त्यातून एक रेघ निघाली आणि पट्टीनं आखल्यासारखी सरळ चालू लागली.

ताई बाबांकडे बघत राहिल्या. भाऊनं नंतर जिन्यात सांगितलं, की ताईंनी एका गोष्टीकडे सलग तीन मिनिटं बघितल्याची कंपनीच्या इतिहासातली ही पहिली नोंद. संकलक मनातल्या मनात जिन्याखालची खोली आवरायला लागला होता. मावशींना कसं सांगायचं हे ठरवत होता. तेवढ्यात ताईंनी फार हळू आवाजात विचारलं,

"हे मधेच सोडून तर जाणार नाहीत ना?"

"आता कुठे जाणार?" आई म्हणाली.

ताईंच्या चेहऱ्यावर भविष्यकाळ पसरू लागला. न कंटाळणारा प्रेक्षक. तक्रार नाही, जांभई नाही, मदतनीस नाही, दुसऱ्या कंपनीकडे जायचा धोका नाही. आणि असा एक तरी माणूस घरोघरी भिंतीवर, कपाटावर, खणात रिकामा बसलेला. त्यांनी भाऊला लिहून घ्यायला सांगितलं. भाऊ लिहू लागला. लांब विभाग बंद करायचं कारणच नाही, ताई म्हणाल्या; उलट तो वाढवू, मजला परत देऊ. फक्त एक, यांना कंटाळा येत नाही म्हटल्यावर कापाकापीची गरज उरत नाही. कॅमेरा लावायचा आणि सोडून द्यायचा. तेव्हा दादा, तुमचं काम आता हलकं झालं. इतकं हलकं, की नाहीच. आणि शेवटची ती नावंबिवंही काढून टाकू, जागा अडते.

संकलक म्हणाला, "ठीक आहे, ताई." दुसरं काय म्हणणार होता?

"नाव नसेल तर हे बघायचे नाहीत," आई म्हणाली.

ताईंनी वळून पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे मी लावून देणार नाही. मी लावते म्हणून चालतं ना ते?"

भाऊनं लिहायचं थांबवलं. ताई घाईघाईनं म्हणाल्या, की नाव ठेवू की, नावाचं काय एवढं, दादांचं नाव तसंच राहू दे शेवटी.

"काम न करता?" आईनं विचारलं. "तसं नाही चालायचं ह्यांना. घरी बसून मीटरचा आकडा टाकणारे होते पुष्कळ. हे जिन्याखाली वाकून बघून यायचे आणि मग लिहायचे. यानं काम करायचं, मग याचं नाव यायचं, मग हे बघणार. नाहीतर फोटो आत नेऊन ठेवते मी. कपाटात जागा आहे."

आदर्श प्रेक्षक कपाटात, या कल्पनेनं ताई खरोखरच पांढऱ्या पडल्या. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. आईनं फुलं पाण्यात ठेवली, घड्याळाकडे पाहिलं आणि उरलेल्या तासाभरासाठी पत्त्यांना निघून गेली.

पुढे 'स्थायी प्रेक्षक' योजनेनं कंपनीची जी भरभराट झाली, तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ते सहा सेकंदांच्या व्हिडिओत सगळ्यांना दाखवलं गेलं आहे. लोकांनी आपापल्या गेलेल्या माणसांना खुर्च्या दिल्या. जिवंत माणसं पडद्यासमोरून उठून कामाला लागली, कुणी फिरायला गेली, कुणी एकमेकांशी बोलायला लागली, पण बघण्याचे एकूण तास तिपटीनं वाढले. लांब विभागाला मजला मिळाला. मावशींनी जिन्याखालची खोली सोडायला नकार दिला, म्हणून संकलकही तिथेच राहिला.

एका दुपारी तो पुन्हा अर्धी रजा काढून आईकडे गेला. आई चपला घालत होती. "बसतोस ना ह्यांच्याजवळ?" म्हणाली आणि गेली. त्यानं पलंगाची कड धरली. दोनशे एकविसावा भाग सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याच्या लक्षात आलं, की हे त्यानं कधीच बघितलेलं नाही. कापणाऱ्यांची सगळीकडे हीच रीत: दुप्पट वेगानं बघायचं, खुणा करायच्या, पुढे जायचं. तीस वर्षांत स्वतःचं एकही काम त्यानं साध्या वेगानं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलेलं नव्हतं. अकराव्या मिनिटाला त्याची नजर खिडकीकडे गेली. चौदाव्याला बोट टॅबकडे गेलं, ते त्यानं अर्ध्यातून मागे घेतलं, कारण शेजारी बाबा होते. वेत भिजत पडला होता तो भाग तर संपता संपेना. कुणी वाढवला हा, असं त्याच्या मनात आलं. पंचविसाव्या मिनिटाला तो पाणी प्यायला उठला आणि उठताना "आलोच" म्हणाला. बाबांची नजर हलली नाही.

शेवटी खुर्ची पुरी झाली. कारागीर तिच्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. पडदा काळा झाला. कारागिराचं नाव आलं, मावशींचं आलं, आणि मग त्याचं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्यालाच म्हणावं लागलं.

"आलं बघा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भाऊ काळजीनं खाली आला. आदर्श प्रेक्षकाच्या नोंदीत काल बिघाड आला होता. नेहमीची रेघ सरळच होती, पण तिच्या शेजारी आणखी एक नजर उमटली होती, अगदी हलक्या प्रतीची. चाळीस मिनिटांत तीनशेचाळीस वेळा भरकटलेली आणि मधे दोन मिनिटं चक्क गायब. असला प्रेक्षक यादीत दिसला तर ताई सगळ्यांना एकटक बघण्याच्या वर्गाला बसवतील, म्हणून त्यानं ती नोंद पुसून टाकली होती.

"एकच विचित्र वाटलं," भाऊ म्हणाला. "शेवटी नावं आली ना, तेव्हा ती नजर जागेवर थांबली होती. नावं गेल्यावरही थांबली होती."

मावशींनी हेडफोन काढला. त्यांनी आधी संकलकाकडे पाहिलं आणि मग भाऊकडे.

"पापण्या मिटत होता का?"

"त्या आपण मोजत नाही, मावशी."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी हेडफोन परत चढवला.